मशीन जड झालं तेव्हा

सकाळी नऊला शिंपीणबाई पायाचं मशीन चालवत होत्या. धाकटी जाऊ चहा घेऊन आली. "ताई, आज मशीन जड नाही वाटतं?"

टोमण्याला कारण होतं. वर्षभर बाईंना मशीन जड जात होतं. एक ब्लाउज शिवला की दम लागायचा. त्यांनी मेकॅनिकला तीनदा बोलावलं. शेवटी त्यानं एका बोटानं चाक फिरवून दाखवलं. "मावशी, मशीन लोण्यासारखं चालतंय. आता तेल तुमच्या गुडघ्यांना घाला."

पाळी दहा-दहा दिवस चालायची, पण माहेरी सगळ्यांचं असंच, म्हणून बाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं. जावेनं त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. अंगात रक्त फार कमी होतं आणि गर्भाशयात गाठी होत्या, पण कर्करोगाच्या नव्हेत. बाईंना भीती होती ती दुकान बंद पडण्याची. आधी रक्तवाढीचं औषध, मग ऑपरेशन, मग विश्रांती झाली. दुकान तेवढ्यापुरतंच बंद राहिलं.

"आता मशीन हलकं झालंय, मग ती मशीनच्या तेलाची बाटली मला द्या," चहा ठेवत जाऊ म्हणाली. "आमचं दार कुरकुरतंय."

"ने. पण सकाळी परत आण. उद्या शनिवार, मशीनला तेल घालायचा दिवस."