पप्पा झोपले की

लेकीच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत होतो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिला म्हणालो, "दोरा तोड गं दातानं."

तिनं दोरा दातांत धरून मान मागे ओढली. दोरा तसाच सरकून बाहेर आला, नुसता ओला.

"नीट चाव ना. म्हातारी झालीस का?"

"चावलाच आहे, पप्पा."

मी तिचा ओठ वर केला. दाढा घट्ट मिटलेल्या, आणि पुढे वरच्या-खालच्या नव्या दातांमध्ये गोल फट. तिथे अंगठा बसतो, ते उघडच होतं. पोरगी रोज समोर बसून जेवते, मला हे दिसलं कसं नाही?

"काय व्हयनं?" बायकोनं विचारलं. मी तिला लेकीचे दात दाखवले.

ती अंगठा चोखते हे माहीत होतं. "मोठी झाली की सुटेल," असं मीच सांगत फिरायचो.

अमरोलीच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी तोंड पाहताच गुजरातीत विचारलं, "बेबी अंगूठो चूसे छे ने?" सवय आत्ता सुटली तर दात बरेचसे जवळ येतील, नाहीतर जबडाच तसा वाढेल, असं त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "कब चूसती हो, बेटा?"

"पप्पा झोपले की," ती मराठीतच म्हणाली. "पप्पांनीच सांगितलंय."

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. मला कळलं.

मी कापडाच्या लूमवर रात्रपाळी करतो. कोसाडला आमची एकच खोली. ती तान्ही असताना मी सकाळी येऊन झोपायचो. रडली की मीच तिचा अंगठा तिच्या तोंडात द्यायचो. पुढे ती बडबडू लागली तरी तेच. "घाल तोंडात. गप." मी ते साफ विसरलो होतो. चारचौघांत तिला हट्टी म्हणायचो, अंगठ्याला मिरची लावायच्या धमक्या द्यायचो. पोर हट्ट करत नव्हती. माझं ऐकत होती.

परवा शाळेला सुट्टी होती. कामावरून येऊन मी आडवा झालो, तसा तिचा हात तोंडाकडे गेला.

"बोल काहीतरी," मी म्हणालो.

"तुम्ही झोपणार ना?"

"झोपेन. तू बोल. मोठ्यानं बोल."

"काय बोलू?" ती कुजबुजली, आणि अंगठा ओठांशी धरून माझे डोळे मिटायची वाट बघत राहिली.