बारशाच्या सकाळचं अपडेट

लिनक्स वापरणाऱ्याकडून सल्ला हवा असेल तर विचारावं लागत नाही. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात कुणाचा लॅपटॉप कुरकुरला की मी न बोलावता हजर. माउस सोडा, सगळं कीबोर्डवर करा. विंडो एकमेकींवर टाकू नका, शेजारी शेजारी लावा. आणि महत्त्वाच्या दिवशी सिस्टिम अपडेट करू नका, हे तर ज्याने त्याने डबा आणायच्या पॉटलकमध्ये डब्याचं झाकण निघायच्या आत सांगून होतं. नवरा म्हणतो, तुला जेवायला बोलावतात ते लोक शूर आहेत.

नाशिकला भावाच्या मुलीचं बारसं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. व्हिसाच्या भानगडीमुळे जाता येत नव्हतं. भावाने तोड काढली: तो पाळण्याशी फोन धरणार, मी इथून ‘कुर्रर्र’ करून नाव सांगणार. भाचीला मी फक्त फोटोत पाहिलेलं. निदान माझा आवाज तरी तिच्या कानात पडावा, एवढंच मनात होतं.

त्यांची संध्याकाळ, माझी सकाळ. पैठणी नेसून लॅपटॉपसमोर बसले. थोडा वेळ हाताशी होता, म्हणून अपडेट केलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! माइक गेला.

“ताई, तुझा आवाज येत नाहीये,” भाऊ ओरडला.

“यार, माझा फोन घे ना,” नवरा म्हणाला.

“दोन मिनिटं!” लिनक्सने फोनपुढे हार मानायची? तीही नवऱ्याच्या? मी टर्मिनलच्या काळ्या चौकटीत कमांडवर कमांड टाइप करत सुटले. शेजारच्या विंडोत पाळणा दिसत होता, माझ्या लाडक्या मांडणीची कृपा. मुहूर्त टळायला नको म्हणून आईने चुलत बहिणीला पुढे केलं. ती पाळण्यात वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळे हसले. तीही आत्याच. तरी तो मान माझा होता. बोटं मात्र थांबली नाहीत, काय म्हणावं मला!

आणि माइक सुरू झाला. मी पदर सावरून लॅपटॉपवर वाकले आणि जोरात ‘कुर्रर्र’ केलं.

भाऊ कॅमेऱ्याजवळ आला. “ताई, हळू बोल. आत्ताच झोपलीये ती.”