अस्तराला तेल लावू नये

आमच्या घरात सर्वांत जास्त शिकलेली व्यक्ती मी होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे घडलं त्याचा दोष कुणाच्या अडाणीपणावर ढकलायची सोय राहणार नाही.

मी मॅट्रिक, आणि इंग्रजीत वर्गात पहिली. आमचे हे नॉन-मॅट्रिक. धाकटे दीर वसंतभाऊजी यांनी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला. सासूबाई सहीच्या जागी अंगठा देणाऱ्या. अशा घरात मी सून म्हणून आले ती उपकार करायलाच, असा माझा समज होता, आणि तो मी कुणापासून लपवून ठेवला नव्हता. लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवल्यामुळे मला आणखी एक खोड लागली होती. मराठीत इंग्रजी शब्द घुसलेला मला खपत नसे. इंग्रज गेला, आता त्याचे शब्द कशाला सांभाळायचे? 'टेबल' नाही, 'मेज' म्हणा, असा माझा खाक्या. (आमच्याकडे दोन्ही नव्हतं. आम्ही पाटावर जेवत होतो.)

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, तरी लष्कराने टाकून दिलेल्या गाड्यांचे लिलाव चालूच होते. त्यातल्याच एका लिलावातून यांनी एक पिकअप उचलली. पुढे तिघांची बैठक, मागे उघडा हौदा. आणि तेही गिरणीतली टाइमकीपरची नोकरी सोडून! गाडी अमेरिकन होती म्हणे. अमेरिकेला ती नको झाली, मग लष्कराला नको झाली, आणि तिथून ती आमच्या गळ्यात पडली. हँडब्रेक लष्कराने स्वतःजवळच ठेवून घेतला होता. हॉर्न होता, पण तो फक्त डावीकडे वळताना वाजे आणि मग थांबायचं नाव घेत नसे.

यांचा बेत असा, की अंधेरीच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कोळणींना नेऊन द्यायच्या. तिथल्या कोळणींची पुढारीण जानकीबाय. तिने सांगितलं होतं, दसऱ्याला सकाळी होड्या लागायच्या आत बर्फ आणून दाखव, जमलं तर रोजची फेरी तुझी. सासूबाईंनीही नेमकी दसऱ्याचीच मुदत घातली.

"दसऱ्यापर्यंत ह्या डबड्याक काम नाय गावला, तर तू परत गिरणीत जा," त्या यांना म्हणाल्या. "आणि मी सुनेक घेऊन गावाक जातंय. भाताची कापणी इली हा."

माझा जीव त्या शेवटच्या दोन वाक्यांत अडकला. नवऱ्याचा धंदा, नवऱ्याची उमेद वगैरे ठीक आहे. पण कणकवलीपलीकडच्या त्या गावात सासूबाईंच्या देखरेखीखाली मी विळा हातात धरायचा? इंग्रजीत पहिली आलेल्या बाईने? तेव्हा ती गाडी चालायला हवी होती, आणि ती यांच्यापेक्षा मला जास्त हवी होती.

गाडी चालत होती. थांबत नव्हती, एवढंच. ब्रेक दाबला की आधी किंचाळायची आणि मग स्वतःच्या सवडीने उभी राहायची. मरोळ नाक्यावरच्या गफूर मिस्त्रीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चारों चाक का ब्रेक खोलना पड़ेगा. छोड़ के जाओ."

यांना ते अपमानास्पद वाटलं. "मिस्त्रीला काय कळतं? आपल्याकडे पुस्तक आहे."

पुस्तक होतं खरं. गाडीच्या सीटखाली सापडलेलं, जाडजूड, इंग्रजी, कडेकडेने उंदरांनी वाचलेलं. आणि इंग्रजी वाचणारं घरात दुसरं होतं कोण? दुसऱ्या दिवशी गाडी चार बाजूंनी विटांवर चढली, हे आणि वसंतभाऊजी चाकांपाशी उकिडवे बसले, आणि मी ओट्यावर पाट टाकून पुस्तक उघडलं.

"आता ढोल काढा," मी वाचून सांगितलं.

वसंतभाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं. "कसला ढोल, वहिनी?"

"चाकाच्या आतला. ड्रम म्हणजे ढोल."

"मग ड्रमच म्हणा ना."

"का म्हणू? ढोल काढा. त्याच्या आत दोन पादत्राणं असतील."

"चपला?"

"पादत्राणं."

वसंतभाऊजी यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, "दादा, वहिनींना उन्हातून आत बसव जरा."

पण ढोल निघाला आणि आत खरोखरच दोन अर्धगोल लोखंडी जोडे निघाले, तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की काही विचारू नका. दोन दिवसांत चारही चाकं उघडी पडली. मी अर्थ सांगत होते, ते दोघे आपापसांत 'ड्रम', 'शू', 'पाना' असं बोलत होते, आणि मी त्यांच्याकडे कीव करून बघत होते.

एका पानावर ठळक अक्षरांत सूचना होती. लायनिंगला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. आता लायनिंग म्हणजे अस्तर, हे पोलकं शिवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी शाळेतला आवाज काढून वाचलं, "अस्तराला तेल लावू नये."

"अस्तर कुठे आहे?" यांनी विचारलं.

तिघांनी मिळून शोधलं. चाकात कापड नाही, ढोलात नाही, इंजिनात नाही. शेवटी हेच म्हणाले, "सीटला असेल." आणि सीटच्या फाटक्या रेग्झिनखालून खरंच जुन्या ताडपत्रीचं अस्तर डोकावत होतं! मी माहेरून आणलेली चादर काढली, सीटवर अंथरली, चारी बाजूंनी खोचली आणि बजावलं, "तेलकट अंगाने इथे कुणी टेकायचंसुद्धा नाही." अमेरिकन लोक किती बारीकसारीक विचार करतात, याचं मी दोघांजवळ कौतुकही केलं.

मधल्या वेळात वसंतभाऊजी ते आठ जोडे मरोळला घेऊन गेले आणि गफूर मिस्त्रीकडून त्यांवर "नवे लायनर मारून" घेऊन आले. हे लायनर म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ विचारण्याइतकी मी खाली उतरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हे दोघे बोल्ट आणायला बाहेर पडले होते. मी जोडे, ढोल, पाने असं सगळं ओट्यावर वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं. सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या आणि थबकल्या.

"ह्यां काय असा ठेवलंस गो?"

"ब्रेक आहेत, आई."

"लोखंड तां लोखंड. हत्यारां अशी कोरडी देवासमोर ठेवतत काय? पूस आणि तेल लाव."

एरवी मी सासूबाईंचं सहसा पटकन ऐकत नसे, पण नेमकं त्या दिवशी मनापासून ऐकलं. खोबरेलाची बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन बसले. लोखंड लगेच चकाकलं. पण प्रत्येक जोड्यावर बाहेरच्या अंगाने एक तपकिरी, खरखरीत पट्टी बसवलेली होती. इतकी कोरडी की बोट सोलून निघावं. मला दया आली. एक हात दिला, तो प्याली. दुसरा दिला, तोही प्याली. तिसऱ्या हाताला कुठे जरा तकाकी दिसली. ढोलही आतून पुसून घेतले. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडू. सबंध बाटली संपली, पण इतकी देखणी हत्यारं त्या वर्षी अख्ख्या अंधेरीत कुणाच्या ओट्यावर नसतील.

हे परत आले आणि खूश झाले. "बघ वसंता, घरच्या बाईचा हात फिरला की वस्तू कशी दिसते."

वसंतभाऊजींनी एक जोडा हातात घेतला. बोटं एकमेकांवर चोळली. "वहिनी, तेल जरा जास्त नाही ना झालं?"

"अस्तराला थेंब लागलेला नाही," मी म्हटलं आणि गाडीपाशी जाऊन चादर उचलून दाखवली.

यावर त्यांनी जोडा होता तिथे ठेवून दिला. शिकलेल्या माणसासमोर गप्प बसायची त्यांना मीच सवय लावली होती.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. गाडी गल्लीत दहा पावलं चालवून पाहिली. थांबली. (इंजिन बंद पडलं म्हणून थांबली, हे नंतर कळलं.)

दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार घातला, कारखान्यातून लाद्या चढवल्या, त्यांवर भुसा आणि गोणपाट टाकलं. वसंतभाऊजी मागे हौद्यात बसले. पुढे हे, मधे सासूबाई, कडेला मी. वर्सोव्याचा रस्ता सकाळचा मोकळा होता. वाटेत गाडी दोनदा हळू झाली, म्हणजे ब्रेक थोडेफार लागत असावेत. मग पुढे एक बैलगाडी दिसली.

"जरा हळू घ्या," मी म्हटलं.

"दाबतोय."

"मग जोरात दाबा."

"दोन्ही पायांनी दाबतोय."

"दत्ता," सासूबाई म्हणाल्या, "बैलगाडी इली."

"दिसली, आई."

"मगे थांब."

"थांबतोच आहे," हे म्हणाले आणि गाडी डावीकडे काढली. त्याबरोबर हॉर्न सुरू झाला. बैल एकीकडे, गाडीवान दुसरीकडे, आणि आम्ही ठणाणा करत मधून पार! तेवढ्यात चाकांकडून धूर येऊ लागला आणि सासूबाईंनी नाक वर केलं.

"खोबरेलाचो वास येता."

"सण आहे, आई. कुणाकडे तरी तळत असतील," मी म्हटलं.

यांनी गिअर पाडला, इंजिन ओरडलं, वेग जरा कमी झाला. पण तोवर कोळीवाडा आला होता, आणि बघता बघता संपलाही. रस्ता संपला. बोंबील वाळत घातलेल्या दोन बांबूंच्या रांगा समोर आल्या आणि त्याही संपल्या. कोरड्या वाळूतून आम्ही थेट ओल्या वाळूत शिरलो आणि पुढची चाकं पाण्यात रुतली तेव्हा गाडी थांबली. मागच्या लाद्या मात्र थांबल्या नाहीत. हौद्याच्या कडेवरून घसरत निघाल्या, त्या काठावर ओढून ठेवलेल्या एका होडीला जाऊन टेकल्या. वसंतभाऊजी बोंबलांपाशीच उडी मारून उतरले होते, ते धावत आले.

यांनी डोकं हातातल्या चाकावर टेकलं. "संपलं. उद्या गिरणीत जाऊन पाया पडतो."

माझ्यामागोमाग सासूबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि लुगडं सावरत एवढंच म्हणाल्या, "गावाक चला."

मग दोघे भाऊ एकमेकांवर घसरले. तू बोल्ट आवळले नाहीस, दादा तू मिस्त्रीकडे दिली नाहीस. भोवती कोळणी जमल्या. जानकीबाय पुढे आली, चाकापाशी वाकली, वास घेतला.

"तेल कोनी लावला?"

वसंतभाऊजी खाली बसले आणि त्यांचा आवाजच बदलला. "लायनर भिजलेत, दादा. सगळे तेलात भिजलेत."

"लायनर म्हणजे काय हो?" मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"ती तपकिरी पट्टी. लायनिंग."

पायाखालची वाळू सरकली, आणि ती काही लाटेमुळे नव्हे. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं, दोघे भाऊ दोष वाटून घ्यायला तयारच होते. पण 'पाया पडतो' म्हणताना यांचा आवाज असा काही निघाला होता की मला माझीच लाज वाटली.

"मी लावलं," मी म्हटलं. "तीन तीन हात. लावू नका असं लिहिलं होतं. ते मीच वाचलं, आणि मीच लावलं."

"पण तू तर सीटवर चादर..." हे बोलता बोलता थांबले.

"तेल लाव म्हणान मीच सांगितलंय तिका," सासूबाई पाण्यातूनच म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या बाजूने बोलल्या.

जानकीबायने आम्हां सगळ्यांना एकदा न्याहाळलं. मग ती म्हणाली, "इतकी वर्सां बरफ घेतंय मी. बरफ कमी आला का परतेक बरफवाला सांगतो, उनानं खाल्ला, रस्त्यानं खाल्ला. 'मीच घोटाला केला' सांगनारी ही पयलीच. फेरी तुमची. पन ही बाय रोज बरफासंगं यायला पायजे. काय झाला ते मी हिलाच इचारनार."

त्यानंतर ब्रेक गफूर मिस्त्रीने केले. गिरणी कायमची सुटली, यांचा धंदा जमला, मला विळा हातात धरावा लागला नाही. सगळं माझ्या मनासारखं झालं. पुढच्या सीटवर हे, सासूबाई (ताजी मासळी स्वतः निवडायची त्यांना चटक लागली) आणि सासूबाईंची टोपली. मी मागे हौद्यात, लाद्यांवर, गोणपाट टाकून. सहा वर्षं, रोज पहाटे. मुंबई सोडावी लागली नाही खरी, पण गावाला गेले असते तर निदान बूड तरी कोरडं राहिलं असतं.