सोमनाथकाकांच्या हातच्या गाड्या

सोमनाथ साळवे वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी रांजणगावातल्या घराच्या ओट्यावर टेबल टाकलं आणि आमच्या रिमोटच्या गाड्या साफ करायला घेतल्या. पोरांच्या खेळण्यातल्या नव्हेत. बॅटरीवर सुसाट पळणाऱ्या, दगडधोंड्यांतून उड्या मारणाऱ्या, हातभर लांबीच्या. आम्ही सात-आठ जण दर रविवारी तिसगावच्या माळावर त्या पळवायचो आणि मातीनं माखल्या की काकांकडं आणून टाकायचो.

मला त्यांचं काम बघत बसायला आवडायचं. आधी बॅटरी काढायची. ओल्या मातीला हात लावायचा नाही. ती वाळू द्यायची, मग ब्रशनं झाडायची. "पाण्याचा फवारा मारू नको शिवराज, बेअरिंगमधी पाणी शिरतं अन् आतून गंजतं." चाकं काढून एकेक बेअरिंग कानाशी धरून फिरवायचे. मोटरवरचं छोटं चक्र मोठ्या चक्राला किती भिडावं, हे ते दोन्हींच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून ठरवायचे. शेवटी छोट्या चक्राचा स्क्रू आवळायचे. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मुक्ताकाकू त्यांना चहा कपाऐवजी स्टीलच्या पेल्यात देऊ लागल्या, तोही अर्धाच. मी पाहिलं, विचारलं नाही.

एका रविवारी माळावर माझी गाडी पहिल्याच उडीला कर्कश आवाज करून थांबली. उघडून बघितलं, तर तो स्क्रू आवळलेलाच नव्हता. छोटं चक्र सरकून मोठ्याचे दाते खरवडून निघाले होते. संध्याकाळी काकांना म्हणालो, "दगडावर आपटली. माझीच चूक."

त्यांनी खरवडलेलं चक्र बराच वेळ बोटांत धरलं. "असं व्हय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी गाडी घरीच साफ करू लागलो. काकांचा फोन आला की सांगायचो, "कामाचा लई लोड आहे काका, माळावर जाणंच होत नाही." हळूहळू बाकीच्यांनीही तेच केलं. ओट्यावरचं टेबल रिकामं राहू लागलं.

जानेवारीतल्या एका रविवारी काका काकूंना घेऊन रिक्षानं माळावर आले. आम्ही सगळेच तिथं होतो. काकांनी माझी गाडी उचलून उलटी केली, चाक फिरवलं.

"कोण साफ करतं ही?"

"मीच, काका."

"बेअरिंगवर स्प्रे मारतोस. आतलं ग्रीस धुऊन चाललंय." मग गाडी खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी स्क्रू माझ्याकडूनच राहिला व्हता. दाते बघूनच कळलं मला. सांगायचं व्हतंस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं. पण तू येत तरी राहिला असतास."

त्या आठवड्यापासून मी पुन्हा जाऊ लागलो. काका सांगायचे, मी करायचो. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. गोळ्यांनी हात थोडा वेळ थांबायचा, पण आवाज खोल खोल जात होता. वाक्य अर्ध्यात सोडून ते समोर बघत राहायचे. कधी मी दुसरीकडं वळलो की हळूच पाना उचलायचे. आवाजावरून कळायचं, तो स्क्रूवर टेकायचा, घसरायचा, पुन्हा टेकायचा, पुन्हा घसरायचा. काकू आतून बघत उभ्या असायच्या. मी पाठ तशीच ठेवायचो.

एप्रिलमध्ये काकूंनी औजारांची पेटी माझ्या हातात दिली. "घेऊन जा बाबा. समोर दिसली की यांचा हात जातो, अन् मग दिवसभर एक शब्द बोलत नाय."

काका दारात खुर्चीवर बसले होते. त्यांनी पेटीकडं बघितलं. ते नको म्हणतील म्हणून मी थांबलो.

"ब्रश धुऊन ठेवत जा," ते म्हणाले, इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं.

मी हो म्हणालो. काकू पाणी आणायला आत गेल्या होत्या. त्या बाहेर यायच्या आत पेटी मोटारसायकलला बांधून मी निघालो.