उजव्या हाताचा फोटो

अलिबागजवळच्या आमच्या थळ गावात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो. या एका शब्दापायी माझ्या आईचा डावा हात वाकडा झाला, असं लोक म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे.

आई मासळी विकते. जेट्टीवरच्या शेवाळावर पाय घसरला आणि ती भरल्या पाटीसकट डाव्या हातावर पडली. मनगट टम्म सुजलं. वडील तेव्हा बोटीवर, दर्यात होते. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी खरडली, 'मनगटाचा एक्स-रे'. कुठल्या मनगटाचा, ते लिहिलंच नाही. एक्स-रेच्या खोलीत मला येऊ दिलं नाही. थोड्या वेळानं आई बाहेर आली, "झाला फोटो" म्हणाली, आणि मीही शहाणीसारखी काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी तो फोटो मोबाइलवर पाहिला. दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. "हाड शाबूत आहे, नुसतं मुरगळलंय," म्हणाले. क्रेप बँडेज लिहून दिलं, फोटोची फिल्म आम्ही घरी आणली. समोर टेबलावर आईचा हात पडला होता, त्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

सव्वा महिना झाला तरी आईला त्या हातानं कोयत्याखाली सुरमई धरता येईना. मग मी तिला अलिबागला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी हात हातात घेतला, मग जुनी फिल्म उजेडाकडे धरली.

"हा फोटो कुठल्या हाताचा, मावशी?"

"उजव्या," आई सहज म्हणाली.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. आई मात्र समजावून सांगायला लागली. "डाव्यात बांगड्या हायत ना. तो फोटोवाला म्हनला, फोडा. नवरा दर्यावर असताना मी बांगड्या फोडू? मग म्हनलं, ह्या हाताचा काढ. दोनी हात देवानं सारकंच दिलेत."

आमच्या कोळ्यांत उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला वाहतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या हिरव्या तेवढ्या उरतात. त्या चुकून फुटल्या तरी आम्ही 'वाढवल्या' म्हणतो, फुटल्या हा शब्द तोंडातून काढत नाही. आणि तो खुशाल सवाष्ण बाईला 'फोडा' म्हणाला. बरं, म्हणाला तर म्हणाला. पण सुजलेला हात मांडीवर घेऊन बसलेली बाई चांगला हात पुढे करते, आणि हा मुकाट्यानं त्याचा फोटो काढतो? आईला फोटो म्हणजे आधार कार्डावरचा ठाऊक. त्याला तर शिकून पगार मिळत होता.

डॉक्टरांनी फिल्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे इंग्रजी आर होता, आर म्हणजे राइट, उजवा. चांगला ठळक. मशिनीनं खरं तेच सांगितलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी आख्खा फोटो मोठा करून पाहिला, त्यांना हे एक अक्षर दिसलं नाही. माझी तर दहावीपर्यंतची शाळा झाली आहे, आणि ती फिल्म सव्वा महिना आमच्या कपाटावर पडून होती.

मग डाव्या हाताचा फोटो काढायला एक मुलगी आली. "मावशी, जरा वर सरकवू या," म्हणत तिनं बांगड्या हळूहळू कोपराकडे नेल्या आणि वरून पट्टी गुंडाळली. एकही बांगडी वाढवावी लागली नाही. दोन मिनिटंही लागली नसतील. त्या दोन मिनिटांचा मला अजून संताप येतो.

फोटोत हाड मोडलेलं दिसलं, आणि तिरकं जुळलेलं. डॉक्टर म्हणाले, ते पुन्हा मोडून सरळ बसवावं लागेल, तरी पहिल्यासारखी पकड येईलच असं नाही. मी रडायला लागले. आई उलट मलाच गप्प करत होती. "चूक माजीच हाय, मीच उजवा हात दिला." गावातही ती हेच सांगते, आणि लोक माना डोलावतात. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

त्या दिवशी मात्र तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, बांगड्या अशाच वर सरकवून हाड मोडता येईल का. ते म्हणाले, बघू या.

"मग मोडा," आई म्हणाली. "हाड माजं हाय. बांगड्या नवऱ्याच्या हायत."