मास्तरांची वाढती कंबर

शिंप्याला स्वतःची कंबर किती दिवस लपवता येते, हे टेलरमास्तरांच्या घरी फार उशिरा कळलं.

मास्तरांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, "या इंजेक्शनांनी वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात. तळलेलं, गोड, मटण बंद. भाज्या, डाळी, फळं खा, रोज चाला." घरच्यांनी माना डोलावल्या. बायकोने तेल निम्म्यावर आणलं.

पण माया आंधळी असते म्हणतात, ते काही खोटं नाही. नवऱ्यापुढची उकडलेली भाजी पाहून बायकोलाच गलबलून आलं. तिने लोणी लावलेला पाव पुढे केला. "एकच खा हो. लेकीला सांगू नका, ओरडेल." लेक दुकानात यायची ती केकचा डबा घेऊन. "बाबा, आईला कळू देऊ नका हं." मास्तरांचा धाकटा भाऊ तर तळलेली कोंबडी चोरीच्या मालासारखी पिशवीत लपवून आणायचा. प्रत्येकाला वाटे, लाड काय ते आपणच करतोय. सगळ्यांची मनं राखता राखता मास्तर फुगत गेले. पँट घट्ट झाली की शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड थोडं सोडायचे. स्वतःच शिवलेली पँट, विचारणार कोण?

शेवटी ते कापडही संपलं. मास्तर पँटला मागून जोड लावायला बसले आणि बायकोने पाहिलं. दुकानातली काजं-बटणं तीच करायची, ताजी टीप तिच्या नजरेतून सुटणार कशी?

"हे कधीपासून चाललंय?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. ती भडकलीच. "अहो, नको म्हणायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"नको म्हटलं की तुमचे चेहरे ऑपरेशनच्या दिवशी झाले होते तसे होतात," मास्तर म्हणाले. "मला नाही बघवत. त्यापेक्षा खाल्लेलं बरं."

तिने लेकीला आणि दिराला फोनवर चांगलं झापलं. स्वतःच्या पावाची कबुलीही दिली, हे तिचं मोठेपण.

रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले. सगळ्यांच्या ताटात तेच, डाळ, भात आणि उकडलेली भाजी. सवयीने लेकीने आणखी भात वाढायला डाव पुढे केला. मास्तरांनी ताटावर हात आडवा धरला. "नको."

लेकीचा चेहरा पडायचा तो पडलाच.

"इकडे आण, मला वाढ," बायको म्हणाली. आजारपण सुरू झाल्यापासून तिने दुसऱ्यांदा कधी वाढून घेतलं नव्हतं. ती सावकाश जेवत राहिली आणि मास्तर तिच्याकडे बघत बसले.