बाप्यांची सोंगं

मी शेवगावच्या पोस्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर म्हणून रुजू झाले तेव्हा गावात मोजकेच फोन होते, आणि ते सगळे पुरुषांचे होते. म्हणजे फोन आडतीच्या दुकानात, कचेरीत, नाहीतर सोसायटीच्या ऑफिसात. कुणाच्या घरी असलाच, तरी तो उचलायचा घरातल्या पुरुषानं. बोर्डावर एखाद्या नंबराचं झाकण खट्कन पडायचं, मी त्यात पिन खुपसून "बोला" म्हणायचे, की कानात एक बाप्या सुरू. दिवसभर बाप्येच. महिनाभरात मला नंबर बघायची गरज उरली नाही. नुसत्या खाकरण्यावरून मी माणूस ओळखायला लागले.

बाजारपेठेतले एक आडत दुकानदार फोनवर ओरडायचे. नगर लांब आहे, तेव्हा आवाज तिथपर्यंत ढकलायला पाहिजे, असा त्यांचा पक्का समज होता. कचेरीतल्या एका भाऊसाहेबांना नगरच्या साहेबांचा फोन आला की आधी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. ते उभे राहायचे. समोर कुणी नसताना उभे राहून "होय साहेब" म्हणायचे. सोसायटीचे चेअरमन स्वतः फोन लावून समोरच्याला दरडावायचे, "कोण बोलतंय ते सांगा आधी!"

मी मूळची नगर शहरातली. वय तेवीस, लग्न व्हायचं होतं, आणि एकटी राहते म्हणून गाव माझ्याकडे जरा वाकडं बघायचं. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या शेजारची खोली मी घेतली होती. नर्सबाई कोल्हारकडच्या, चाळिशीच्या, नवरा वारून बरीच वर्षं झालेल्या. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच स्टोव्हवर स्वयंपाक करायचो. भाकरी होईपर्यंत मी त्यांना दिवसभरातले आवाज काढून दाखवायचे. कोण काय बोललं ते नाही, ते सांगायचं नसतं. कसं बोललं, एवढंच. नर्सबाई हसता हसता स्टोव्हला पंप मारायचं विसरायच्या.

त्यांनीच ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

दवाखान्याच्या डॉक्टरांची बायको पुण्याची होती. बाहत्तर साल नुकतंच लागलं होतं, युद्ध संपलं होतं, आणि बायकांना संक्रांतीसाठी काहीतरी करायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघींना चहाला बोलावलं.

"हळदीकुंकू ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "ठेवलं तर या यायच्या नाहीत." त्यांनी नर्सबाईंकडे बोट दाखवलं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"कॅब्रे."

नर्सबाईंनी कपबशी खाली ठेवली. डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, तसलं नाही. सिनेमात दाखवतात तेवढंच कॅब्रे नसतं. पुण्याला एका हॉटेलात आम्ही गेलो होतो. लोक टेबलाभोवती बसले होते, खात-पीत होते, आणि एकेक जण उठून कुणी गाणं म्हणत होतं, कुणी नकला करत होतं. आपण चहा पिऊ. माइक मध्ये ठेवू. जिला वाटेल तिनं उठायचं. विषय मात्र एकच."

"कोणता?"

"बाप्ये. सोंगं फक्त बाप्यांची करायची. आणि बाप्यांना आत यायला बंदी."

मी तिथल्या तिथे माझं नाव सांगून टाकलं. मला भीती वाटली नाही. शाळेत असल्यापासून मला माहीत होतं की नकला हे माझं काम आहे, फक्त त्याला कधी जागा मिळाली नव्हती.

शाळेचा हॉल ठरला. स्पीकरवाला दुपारीच येऊन वायरी ओढून गेला. "आत स्पीकरची एक पेटी ठेवलीय, आवाज चांगला येईल," असं त्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बटणं कशी दाबायची ते विचारून घेतलं आणि दाराबाहेर घालवलं. आम्ही तिघी सतरंज्या टाकण्यात आणि चहाचं आधण ठेवण्यात गुंतलो. बाहेर जाऊन बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पाचच्या सुमाराला बायका यायला लागल्या. कचेरीतल्या क्लार्कांच्या बायका, शिक्षिका, पेठेतल्या दुकानदारांच्या घरच्या, मळ्यांतून बैलगाडीनं आलेल्या. प्रत्येकीच्या काखेत पिशवी, आणि पिशवीत नवऱ्याचं, दिराचं नाहीतर सासऱ्याचं काहीतरी लपवून आणलेलं. टोपी, कोट, धोतर, काठी. हॉलची दारं लावून घेतली आणि कुजबुज एकदम मोठी झाली.

पहिल्या डॉक्टरीणबाईच उठल्या. नवऱ्याची पँट, गळ्यात टाय, आणि खुर्चीवर उलटं बसून त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं म्हटलं. पेशंटला तपासताना शहाणपण सांगणारा आणि घरी चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधणारा डॉक्टर. गाणं बेसूर होतं, पण त्या पाय हलवत असं म्हणत होत्या की मळ्यातल्या बायकांनीही ताल धरला. मग एका क्लार्कच्या बायकोनं बाजारातून भाजी आणणारा नवरा केला. सडकी वांगी उचलून "काय स्वस्त मिळाली!" म्हणणारा. मग एकीनं जेवताना बोलता बोलता झोपणारा सासरा केला. हसून हसून बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

नर्सबाई उठतील असं मला वाटलं नव्हतं. त्या माझ्या शेजारून उठल्या, माइकपाशी गेल्या, आणि म्हणाल्या, "मी एक बाप्या नाही करणार. व्हरांड्यातले सगळे करते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात, आत बायको बाळंत होत असताना थांबणारे बाप्ये. एक येरझारा घालणारा. एक विडी पेटवून ओढायला विसरणारा. एक, आतून ओरडणं ऐकलं की विडीचं दुकान गाठणारा. एक, दार उघडताच नर्सला "मुलगाच ना?" विचारणारा, आणि मुलगी म्हटल्यावर "बघा नीट," म्हणणारा. यावर एवढा हशा झाला की त्यांना थांबावं लागलं. हॉलमधल्या निम्म्या बायका त्यांच्याच हाताखाली बाळंत झालेल्या. जी ती आपला बाप्या ओळखत होती.

शेवटी त्यांनी एका कोवळ्या पोराचं सोंग घेतलं. ऊसतोडीवरून परतलेला, बायकोला बैलगाडीतून घेऊन आलेला. नर्सबाईंनी आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही छातीशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "बायकोच्या चपला," त्या माइकमध्ये हळू म्हणाल्या. "आत नेताना दारात राहिल्या होत्या. रात्रभर याच्याच हातात." मग त्यांनी स्वतःचा आवाज काढून सांगितलं, "मुलगी झाली." आणि त्या पोराच्या आवाजात विचारलं, "ती बरी हाय का?"

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवायला लागला. नर्सबाई चपला पायात घालून माझ्याजवळ येऊन बसल्या. "आता तू जा," म्हणाल्या. "जरा हसव त्यांना."

मी गेले. एक खुर्ची, एक स्टूल, आणि फोनच्या जागी नर्सबाईंचा स्टीलचा तांब्या. मी आधी खुर्ची सरकवली, ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "होय साहेब!" बस. कचेरीवाल्यांच्या बायकांनी एकमेकींच्या अंगावर लोळण घेतली. "कोण बोलतंय ते सांगा आधी" झालं. मग मी तांब्या कानाला लावला, छातीत हवा भरली आणि आडत दुकानदारांच्या आवाजात ओरडले, "हॅलोऽऽ! नगर! हॅलोऽऽ! मी हाय! मीऽऽ!"

एक नंबरही सांगितला नव्हता, तरी अख्खा हॉल एकाच बाईकडे वळून बघायला लागला. दुकानदारांची बायको, सगळ्यांच्या काकू, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. अंगभर पदर, कधी कुणाशी फारसं बोलणं नाही.

तेवढ्यात मागून एकीनं विचारलं, "अहो बाई, बोलत्यात काय ते तरी सांगा की! नगरला कुनाशी एवढं बोलत्यात?"

"सांगा, सांगा!" चारही बाजूंनी सुरू झालं. हसणंच होतं ते, पण त्यात खरोखरची उत्सुकता होती. काहींच्या चेहऱ्यावर मला थोडी काळजीही दिसली. त्या क्षणी मी एक वाक्य जरी बोलले असते तरी पुढचे कितीतरी दिवस गावात त्यावरून भांडणं झाली असती. मी तांब्या खाली ठेवला आणि माइक तोंडाजवळ घेतला.

"आवाज सगळ्यांना ऐकू येतो, तो मी दाखवला," मी म्हणाले. "बोलणं ज्याचं त्याचं. ते माझ्या कानातून तोंडात येत नाही. उद्या तुम्ही फोन केलात तरी नाही येणार."

मग काकू उठल्या. मला वाटलं, निघाल्या रागावून. पण त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या हातातला माइक त्यांनी घेतला.

"पोरी, तसं न्हाई वरडत त्ये," त्या म्हणाल्या. "तू लई गोड वरडलीस."

आणि त्यांनी करून दाखवलं. पदर कमरेला खोचला, पोट पुढं काढलं आणि अशा काही आवाजात "ऐकलं का! पानीऽऽ!" म्हणाल्या की पहिल्या रांगेतलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. हंडा हाताशी असताना पाणी मागणारा बाप्या. गडी समोर उभा असताना गड्याला हाका मारणारा बाप्या. मग त्या खाली सतरंजीवर आडव्या झाल्या, पदर गळ्यापर्यंत ओढला, आणि माइकमध्ये बारीक, मांजराच्या पिल्लासारख्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का... अंगात कणकण हाय... तू हितंच बस... जाऊ नगं कुठं..."

हॉल अक्षरशः कोसळला. काकू उठून बसल्या, पण त्या स्वतः हसत नव्हत्या. "खरं सांगते," त्या म्हणाल्या, "मला त्यो तापातला बाप्याच बरा वाटतो." आणि जागेवर जाऊन बसल्या.

दिवेलागण झाली तेव्हा आम्ही दारं उघडली. डॉक्टरीणबाई सर्वांत पुढं होत्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

समोर लिंबाचं झाड, आणि झाडावर बांधलेला भलामोठा कर्णा, तोंड बाजारपेठेकडं. स्पीकरवाल्यानं आत पेटी ठेवली होती, आणि नेहमीच्या सवयीनं बाहेर कर्णाही लावला होता. लिंबाखाली, कट्ट्यावर, समोरच्या चहाच्या दुकानात, सायकलींना टेकून, सगळे बाप्ये बसले होते. कचेरीतले भाऊसाहेब उभेच होते.

आडत दुकानदार कट्ट्यावर बसले होते. काकूंचा पदर अजून कमरेला खोचलेलाच होता. त्या चालत त्यांच्यासमोर गेल्या.

"ताप आल्यावर मी असा बोलतो व्हय?" त्यांनी विचारलं.

"आसाच," काकू म्हणाल्या.

ते उठले, धोतर झटकलं, आणि दोघं घराकडं निघाली. काकू पुढं आणि ते मागं. चहाच्या दुकानात पहिल्यांदा कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग त्या लिंबाखाली जो हशा उसळला तो आमच्या हॉलमधल्यापेक्षाही मोठा होता.

सगळे हसले असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमन आमच्या पोस्टमास्तरांसमोर येऊन बसले. ऑपरेटरबाई लोकांचे फोन चव्हाट्यावर आणतात, अशी त्यांची तक्रार. मास्तरांनी मला बोलावलं. ते भिडस्त गृहस्थ होते, टेबलावरचा शिक्का इकडचा तिकडं करत होते.

"साहेब," मी चेअरमनना म्हणाले, "काल अख्ख्या गावानं ऐकलंय. फोनवर झालेलं एक तरी बोलणं मी सांगितलं असेल तर तुम्ही दाखवा. मी आजच राजीनामा देते."

मास्तर म्हणाले, "मी पण ऐकत होतो. बाईंनी उलट सगळ्यांना गप्प केलं." मग ते हळूच म्हणाले, "चहाच्या दुकानातून," आणि लाजले. तक्रार तिथेच संपली.

त्या आठवड्यात बोर्डावर मोठी पंचाईत झाली. गावातला प्रत्येक बाप्या फोनवर इतक्या हळू आणि अदबीनं बोलायला लागला की नगरकडचे लोक ओरडायचे, "अहो, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला!" आडत दुकानदार तर मला "बाई, जरा लाइन द्या, कृपा करून," म्हणाले. मी पिन खुपसली आणि पलीकडे तोंड करून हसले.

संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी काकू पोस्टात आल्या. एकट्याच. हातात पिशवी.

"बार्शीला लावता येतो का फोन?" त्यांनी विचारलं. "लेक दिलीय तिकडं. त्यांच्या दुकानात फोन हाय."

"तुमच्या दुकानातही आहे की, काकू."

"तिथं गडी असत्यात. आन् हे असत्यात. मला माझं बोलायचंय."

मी ट्रंक कॉल बुक केला. त्या बाकावर बसून राहिल्या, कुणी आलं तरी जागच्या हलल्या नाहीत. लाइन लागायला वेळ लागला. लागल्यावर मी त्यांना फोनच्या लाकडी खोक्यात उभं केलं आणि रिसीव्हर सुलटा करून हातात दिला. पलीकडे कुणीतरी लेकीला बोलावून आणलं. आईचा फोन म्हटल्यावर ती पोर घाबरून रडायलाच लागली असावी, कारण काकूंचा आवाज अख्ख्या पोस्टात घुमला, "अगं कोन्नी मेलं न्हाई! मीच बोलतीय! तुझी आई!"

शिक्के मारणारा पोस्टमन थांबून बघायला लागला. मी बोर्डावर परत आले आणि कानाचा हेडफोन काढून ठेवला.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. कपाळावर घाम होता, डोळे पाणावलेले होते.

"नातवाला दोन दात आलेत," त्या मला म्हणाल्या, पिशवी उचलली, आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरून बाजाराकडं गेल्या.